मी एकट्यानं एसी बंद करून काय होणार?

एप्रिल उजाडला की हा वाद ठरलेला. एक जण म्हणतो, एसी २६ वर ठेवा, सिग्नलला गाडी बंद करा, वसुंधरा वाचवा. दुसरा म्हणतो, तिकडे चंद्रपूरच्या कोळशाच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिवसरात्र धूर ओकतायत आणि तुम्ही माझ्या बेडरूममधल्या एसीच्या मागे लागलाय?

पहिल्या बाजूला अलीकडे सरकारचंही बळ मिळालं आहे. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पर्यावरणपूरक जीवनशैलीची कल्पना मांडली. ऑक्टोबर २०२२ मध्ये गुजरातेत केवडियाला, संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अंतोनियो गुतेरेस यांच्या उपस्थितीत ‘मिशन लाइफ’ सुरू झालं. नागरिकांनी करायच्या ७५ गोष्टींची यादीच त्यात आहे. रेल्वे फाटकापाशी इंजिन बंद करणं, कापडी पिशवी वापरणं, असं बरंच काही. ती वाचून कुणालाही पडेल तो प्रश्न रास्तच आहे: हे सगळं मी केलं, तर पृथ्वीचं तापमान खरोखर कमी होणार आहे का?

उत्तर शोधायला भावना थोडी बाजूला ठेवून गणित मांडावं लागतं. सातवीतल्या मुलाला जमेल इतकंच आहे ते.

आधी घरचा हिशोब

कोळसा, पेट्रोल, गॅस जाळला की कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. हेच उत्सर्जन. हवेत तो उष्णता अडकवून ठेवतो. उद्योगयुग सुरू होण्याआधी हवेच्या दर दहा लाख भागांत त्याचे सुमारे २८० भाग होते, आज ४२० च्या वर आहेत. भातखाचरं, गुरं आणि कचरा डेपोंतून निघणारा मिथेनसुद्धा या कारभारात सामील आहे, पण हिशोब सोपा राहावा म्हणून इथे कार्बन डायऑक्साइडपुरतंच बोलू.

तालुक्याच्या गावातलं चार माणसांचं घर घ्या. महावितरणचं बिल महिन्याला २०० युनिटचं. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी देशातल्या विजेचं सरासरी उत्सर्जन काढतं. ते युनिटमागे साधारण ०.७२ किलो येतं. म्हणजे या घराच्या विजेपायी वर्षाला १७०० किलोच्या वर. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा. तो पूर्ण जळला की साधारण ४२ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, वर्षाला आठ सिलिंडर धरले तर ३४० किलो. स्कूटरला महिन्याला दहा लिटर पेट्रोल, लिटरमागे २.३ किलो, म्हणजे वर्षाचे २७५ किलो. बेरीज साधारण २३५० किलो. चौघांत वाटली तर माणशी ६०० किलोच्या आत.

आता गंमत बघा. भारताचं एकूण उत्सर्जन लोकसंख्येनं भागलं तर माणशी सुमारे दोन टन येतं. मग वरचे चौदाशे किलो गेले कुठे? ते सळईत आहेत, सिमेंटच्या गोणीत आहेत, युरियात आहेत, भाजी आणणाऱ्या ट्रकच्या डिझेलमध्ये आहेत, ऑफिसातल्या आणि दवाखान्यातल्या दिव्यांत आहेत. तुमच्या नावावर ते पडतात, पण तुमच्या कुठल्याच बिलात दिसत नाहीत. जे ६०० किलो बिलात दिसतात, त्यातलेही जवळजवळ तीन चतुर्थांश विजेचे. आणि ती वीज कोळशाची असावी की उन्हाची, हे ठरवणारं बटण घरातल्या बोर्डावर नसतं.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं इथपर्यंत अगदी बरोबर आहे.

तरी घरातल्या घरातही सगळ्या सवयी एका तोलाच्या नसतात, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. मोबाइलचा चार्जर वर्षभर नुसता बोर्डाला लावून ठेवला तर एक-दोन युनिट जातात. म्हणजे दीड किलोच्या आतच उत्सर्जन. दोन किलोवॅटचा गीझर रोज अर्धा तास चालला तर रोजचं एक युनिट, वर्षाचे २६० किलो. चार्जर काढला नाही म्हणून मुलांवर ओरडणाऱ्या किती घरांत गीझर तासभर चालू राहतो, हे ज्याचं त्यानं बघावं.

वाचवलेलं युनिट जातं कुठे?

‘मी दिवा बंद केला तरी चंद्रपूरचं केंद्र चालूच राहणार ना?’ हा प्रश्न नेहमी येतो. केंद्र चालूच राहतं. पण तेवढ्याच जोरानं नाही.

वीज साठवून ठेवणं अजूनही महाग आहे, त्यामुळे ज्या क्षणी जितकी लागते तितकीच बनवावी लागते. हा मेळ घालण्याचं काम ऐरोलीचं राज्य भार प्रेषण केंद्र करतं. मागणी उतरली की तिथून वीज केंद्रांना उत्पादन कमी करायला सांगितलं जातं. कुणाला आधी सांगायचं याचा क्रम ठरलेला असतो. ज्याची वीज महाग त्याला आधी उतरवायचं. सौर आणि पवन वीज सहसा शेवटपर्यंत घेतली जाते, कारण तिला इंधनाचा खर्चच नाही. म्हणजे मागणी कमी झाली की उतरतो तो बहुतेक वेळा कुठला तरी कोळशाचा संच. तुमचं एकट्याचं युनिट त्या केंद्रातल्या पडद्यावर दिसणार नाही हे खरं, पण लाखभर घरांनी एसी दोन अंशांनी वर नेला तर नक्की दिसतं.

इथे वेळेलाही महत्त्व आहे. दुपारी एकला सौर वीज भरपूर असते. रात्री आठला सूर्य नसतो, सगळ्या घरांत दिवे, टीव्ही, पंखे चालू, आणि भार कोळशावर, थोडा कोयनेच्या पाण्यावर. तेव्हा वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर, इस्त्री ही कामं दुपारकडे ढकलली तर तितकीच वीज वापरूनही कोळसा कमी जळू शकतो. स्मार्ट मीटर असलेल्या घरांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळात दरात सवलत मिळते, ती याच हिशोबातून.

‘माझा एक थेंब, समुद्रात काय फरक?’

हवेतल्या कार्बन डायऑक्साइडला उंबरठा नसतो. अमुक इतका साचेपर्यंत काही होत नाही आणि मग अचानक होतं, असं मुख्य तापमानवाढीचं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या शास्त्रज्ञांच्या मंडळाचा अंदाज असा की कार्बन डायऑक्साइडच्या दर एक लाख कोटी टनांमागे जगाचं सरासरी तापमान साधारण ०.४५ अंशानं वाढतं. हे नातं जवळजवळ सरळ रेषेत आहे. पहिला टन आणि शेवटचा टन सारखेच भरतात.

म्हणजे एका माणसाचा वाटा काढता येतो. सरासरी भारतीय सत्तर वर्षं जगला आणि वर्षाला दोन टन धरले, तर आयुष्याचे १४० टन. त्यानं तापमानात पडणारी भर म्हणजे दशांशचिन्हानंतर दहा शून्यं आणि मग ६३. थर्मामीटरवर हे कधीच दिसणार नाही.

पण हाच आकडा दुसऱ्या मापानं बघा. २०१६ मध्ये डर्क नोट्झ आणि ज्युलिएन स्ट्रोव्ह या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की एक टन कार्बन डायऑक्साइडमागे आर्क्टिक समुद्रावरचा सप्टेंबर महिन्यातला साधारण तीन चौरस मीटर बर्फ नाहीसा होतो. १४० टनांचे झाले ४२० चौरस मीटर. चार गुंठ्यांहून थोडं जास्तच. सातबाऱ्यावर चार गुंठ्यांसाठी भाऊबंदकीत पिढ्या कोर्टात गेलेल्या आपण पाहिल्यात. तेव्हा ‘काहीच फरक नाही’ हे वाक्य चूक आहे. फरक आहे आणि तो मोजता येतो. फक्त एकट्याच्या बळावर पुरेसा नाही.

सगळं जग घरी बसलं तेव्हा

‘पण सगळ्यांनीच केलं तर?’ याचं उत्तर आपल्याला फुकटात मिळालेलं आहे. असा प्रयोग कुठल्या शास्त्रज्ञानं मुद्दाम केला नसता.

२०२० मध्ये कोरोनामुळे विमानं जमिनीवर होती, रस्ते ओस, ऑफिसं बंद. एप्रिलच्या सुरुवातीला जगाचं रोजचं उत्सर्जन आदल्या वर्षीच्या सरासरीच्या तुलनेत सुमारे १७ टक्क्यांनी खाली आलं होतं. अख्ख्या वर्षाची घट मात्र पाच-साडेपाच टक्क्यांच्या आसपासच भरली. आणि २०२१ मध्ये बहुतेक सगळं परत आलं. मधल्या काळात हवेतलं प्रमाण कमी झालं म्हणावं, तर तेही नाही, मे २०२० मध्ये हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत तोवरचा उच्चांक नोंदला गेला. भर थोडी मंदावली होती, भर पडणं थांबलं नव्हतं.

माणसं इतकी त्रासून घरात बसूनही जे जळत राहिलं ते काय होतं? वीज केंद्रं, पोलादाच्या भट्ट्या, सिमेंट, खतं, मालवाहतूक. प्रवास, खरेदी, मौजमजा यांवर टाच आणून मिळणारी बचत कुठवर जाते, ते त्या वर्षानं दाखवलं. संयमावर भिस्त ठेवणाऱ्यांना हा आकडा गैरसोयीचा आहे, पण त्याला बगल देऊन चालणार नाही.

‘मग दोष त्या शंभर कंपन्यांचाच ना?’

२०१७ च्या एका अहवालापासून हे वाक्य फिरतं आहे. १९८८ पासूनच्या औद्योगिक उत्सर्जनातलं ७१ टक्के कोळसा, तेल आणि गॅस काढणाऱ्या शंभर उत्पादकांशी जोडलेलं आहे, असं त्यात होतं. यादीत सौदी अराम्को आहे, गॅझप्रॉम आहे, आपली कोल इंडियाही आहे. वाक्य खोटं नाही, पण अर्धवट सांगितलं जातं. त्या आकड्यातला साधारण ९० टक्के धूर कंपन्यांच्या आवारातला नाही. त्यांनी विकलेलं इंधन गिऱ्हाइकानं जाळल्यावर निघालेला आहे. तुमच्या स्कूटरचे २७५ किलोही कुठल्या तरी तेल कंपनीच्या खात्यात मांडलेले असतात.

म्हणून कंपन्या सुटत नाहीत. एक्सॉन या अमेरिकी तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी १९७० आणि ८० च्या दशकांत तापमानवाढीचे बऱ्यापैकी अचूक अंदाज बांधले होते, आणि तीच कंपनी नंतर जाहीरपणे शंका पसरवत राहिली. ‘कार्बन फुटप्रिंट’, म्हणजे आपल्यामुळे होणाऱ्या उत्सर्जनाचा हिशोब, हा शब्द घरोघरी नेण्यात मोठा हात होता बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींचा. २००४ च्या सुमारास तिनं लोकांना स्वतःचा फुटप्रिंट मोजायला गणनयंत्रसुद्धा दिलं. तेल विकणारा गिऱ्हाइकाला विचारतो, तुम्ही किती जाळलंत? या चलाखीवर चिडायला हरकत नाही. पण चिडून आपला हिशोबच न करणं म्हणजे तिच्या दुसऱ्या टोकाला जाऊन फसणं.

सल्ला कुणाला द्यायचा?

जगाची माणशी सरासरी पावणेपाच टनांच्या आसपास, अमेरिकेची सुमारे चौदा, आपली दोन. आणि आपल्या दोनमध्येही वांद्र्याचा टॉवर आणि मेळघाटातली झोपडी एकत्र भागलेली आहे. ऑक्सफॅम या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मांडणीनुसार जगातली सर्वांत श्रीमंत दहा टक्के माणसं जवळपास निम्म्या उत्सर्जनाला कारण आहेत.

ज्या घराचं बिल महिन्याला ४० युनिट आहे, त्या घराला वीज वाचवायला सांगणं हा निव्वळ उद्धटपणा आहे. त्या घरात एक पंखा आणखी चालायला हवा. उलट मुंबईहून लंडनला जाऊन येणारा प्रवासी साध्या वर्गानं गेला तरी सुमारे एक टन उत्सर्जन करतो. वर हिशोब केलेल्या घरातल्या माणसाच्या दीड वर्षाहून जास्त काळाचा ऐवज एका सुट्टीत. न्यू जर्सीहून गणपतीला घरी येणाऱ्याला येऊ नको असं कोण म्हणेल? मी तरी नाही म्हणणार. मात्र वर्षातून तीनदा कामाच्या बैठकीला उडणाऱ्यानं कापडी पिशवीवर समाधान मानू नये.

‘मी सोडलं, शेजाऱ्यानं वापरलं’

ही खरी अवघड शंका. नगर तालुक्यातलं हिवरे बाजार घ्या. जमिनीखालचं पाणी सगळ्या गावाचं एकच. एका शेतकऱ्यानं ठरवलं, मी बोअर मारणार नाही, आणि शेजाऱ्यानं पाचशे फूट मारला, तर पहिल्याच्या संयमानं काय वाचलं? शेजाऱ्याचा ऊस. १९९० च्या आसपास पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावानं जे केलं ते ‘प्रत्येकानं जपून वापरा’ असं सांगणं नव्हतं. शेतीसाठी बोअरवर बंदी आली. उसासारख्या पिकांना आळा बसला. दरवर्षी पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून पिकं ठरवायची, अशी रीत पडली. संयमाला नियमाचं कुंपण मिळालं तेव्हा पाणी टिकलं.

हवेच्या बाबतीत ग्रामसभा फार मोठी आहे, तिथे जवळपास दोनशे देश बसतात आणि ताळेबंदावर भांडतात. पण गुंता तोच. मी पेट्रोल कमी वापरलं की तितकी मागणी घटते, भाव किंचित नरमतो, आणि दुसरा कुणी थोडं जास्त घेतो. शिवाय वाचलेले पैसे आपणही कुठेतरी खर्च करतोच. विल्यम जेव्हन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञानं १८६५ मध्येच लिहून ठेवलं होतं की वाफेची इंजिनं काटकसरी झाल्यावर ब्रिटनमध्ये कोळसा कमी नाही, जास्त खपू लागला. बचतीतला काही हिस्सा असा गळतो, सगळाच्या सगळा मात्र क्वचितच. नियम किंवा किंमत बदलली की ही गळती आवरता येते.

नऊ वॅटचा बल्ब

एकट्यादुकट्याचं वागणं आणि सरकारी धोरण यांची गाठ कशी बसते, याचा आपल्याकडचा सर्वांत चांगला दाखला घराघरात छताला लटकलेला आहे. २०१४ मध्ये सरकारी कंपनी ईईएसएलला एलईडी बल्ब घाऊक खरेदीत सुमारे ३१० रुपयांना पडत होता. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना आली, कोट्यवधींच्या मागण्या एकत्र करून निविदा निघाल्या, आणि २०१६ पर्यंत घाऊक भाव ३८ रुपयांवर आला. योजनेतून ३६ कोटींहून जास्त बल्ब गेले. ६० वॅटच्या पिवळ्या बल्बच्या जागी नऊ वॅटचा आला.

हे यश लोकांचं की सरकारचं? लोकांनी पृथ्वीसाठी बल्ब बदलला नाही, बिलासाठी बदलला. पण लोकांनी तो घेतला नसता तर पुढच्या निविदेचा भाव उतरला नसता. जर्मनीनं २००० मध्ये सौर विजेला ठरावीक दर देणारा कायदा केला, तेव्हाही असंच झालं. तिथल्या मास्तरांनी, शेतकऱ्यांनी आपल्या छपरांवर त्या काळी महागडी पॅनेलं बसवली. त्या मागणीवर कारखाने मोठे झाले, पुढे चीननं उत्पादन प्रचंड वाढवलं, आणि भाव इतके कोसळले की आज जळगावातलं छप्परही त्यात बसतं. कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात तर असंही दिसलं की गल्लीत एकानं पॅनेल बसवलं की आजूबाजूचे बसवण्याची शक्यता वाढते. शेजाऱ्याच्या गच्चीकडे बघण्याची खोड आपल्याकडे काही कमी नाही.

सल्ल्याऐवजी नियम आला की काय होतं, याचंही उदाहरण आहे. जानेवारी २०२० पासून आपल्याकडचे स्टार लेबलवाले नवे एसी सुरू होताना आपोआप २४ अंशांवर येतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या म्हणण्यानुसार एक अंश वर गेला की साधारण सहा टक्के वीज वाचते. ज्यांना रिमोटशी खेळायचा कंटाळा आहे, त्यांच्या आळसाचाच उपयोग करून घेतला.

आयपीसीसीच्या २०२२ च्या अहवालात म्हटलं आहे की वापराच्या बाजूनं केलेल्या बदलांनी २०५० पर्यंत त्या-त्या क्षेत्रांतलं उत्सर्जन ४० ते ७० टक्क्यांनी कमी होऊ शकतं. हा आकडा सवयींच्या समर्थनार्थ बरेच जण फेकतात. पण त्यात नुसत्या सवयी नाहीत. चांगली बस असणं, चालायला फुटपाथ असणं, घर थंड राहील असं बांधलेलं असणं, हे सगळं त्यात धरलेलं आहे. पुण्यात पीएमपीची बस वेळेवर येत नसेल तर बसनं जा म्हणण्यात काय हशील?

दुसरी सही

मी स्वतः यातून एक साधी कसोटी धरली आहे. जे मी एकटा, कुणाला न विचारता करू शकतो, त्यातून वाचणारं उत्सर्जन बहुतेक वेळा थोडं असतं. ज्याला दुसऱ्या कुणाची सही लागते, तिथे आकडे एकदम मोठे होतात. ही सही सोसायटीच्या सचिवाची, सरपंचाची, ऑफिसातल्या खरेदीवाल्याची, नगरसेवकाची.

उदाहरण करून बघू. रात्री आठ तास, उन्हाळ्यातल्या शंभर रात्री एसी चालला तर साधारण ८०० युनिट. दोन अंश वर ठेवला तर शंभरेक युनिट वाचतात, म्हणजे ७० किलो. आता सोसायटीच्या गच्चीवर दहा किलोवॅटची सौर यंत्रणा घ्या. सावली नसलेली हजारेक चौरस फूट जागा लागते. रोजची सरासरी ४० युनिट धरली तर वर्षाला १४ हजार ६००, म्हणजे साडेदहा टनांच्या आसपास. दीडशे कुटुंबांनी उन्हाळाभर एसीशी पथ्य पाळलं तेवढं, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं, कुणी लक्षात ठेवलं नाही तरी. छतावरच्या सौर विजेसाठी असलेल्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, गाड्यांचं चार्जिंग यांसाठी, किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे. स्वतःचं स्वतंत्र छप्पर असेल तर तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला ७८ हजार.

एसी २६ वर ठेवूच नये असा याचा अर्थ नाही, बिल कमी येतंच. शिवाय ज्याच्या स्वतःच्या घरात दिवसभर सगळे दिवे जळतात, त्यानं सभेत उठून सौर ऊर्जेवर भाषण ठोकलं तर मागच्या खुर्चीवरून टोमणा येणार, हेही आहेच.

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी निघते. सौर यंत्रणेचा विषय तीन पुरवठादारांच्या दरपत्रकांसह, सामायिक मीटरची मागच्या बारा महिन्यांची बिलं जोडून, त्याआधी लेखी सचिवांकडे द्यायचा. विषयपत्रिकेवर त्याला स्वतंत्र क्रमांक मागून घ्यायचा. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ यात तो गेला, तर पार्किंगच्या भांडणानंतर रात्री साडेदहाला पुकारला जातो, आणि तोवर गणसंख्येतली निम्मी माणसं चहा पिऊन घरी गेलेली असतात.